उर्वशीच्या पत्रिकेचा मेकअप

वेब पेज सजवणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! पान एकीकडे आणि त्याचा मेकअप, म्हणजे स्टाइलशीट, दुसरीकडे. रंग सांगा, आकार सांगा, पान नटून तयार! हे सगळं मी व्हिडिओ पाहून शिकलो होतो. बरंचसं.

म्हणून मोहाडीच्या सोमाजीकाकांनी उर्वशीच्या लग्नाची ऑनलाइन पत्रिका माझ्यावर सोपवली. लिंक तालुकाभर फिरली आणि काकांचा फोन!

"धनंजय, नवरीचा बाप मी आहो. माहं नाव मोठं कर!"

केलं. पण पत्रिकेत प्रत्येक नाव म्हणजे एकेक परिच्छेद, आणि मी हुकूम सोडला सगळ्या परिच्छेदांना! सगळीच नावं कोहळ्याएवढी झाली. काकांचा मेहुणा खुशालमामाही फुगला. त्या दोघांचं तर रुखवतावरून वाजलेलं!

"खुशाल्या माह्याएवढा काहून दिसून राहिला? लपव त्याले!"

"काका, नवरीचा मामा आहे तो!"

"मांडवात येऊ दे. पत्रिकेत नाही पाहिजे!"

मी पुन्हा परिच्छेदांनाच बजावलं, दिसू नका! तपासलं? छे! कलाकार कधी तपासतो का?

लग्नाच्या दिवशी कार्यालयात ही गर्दी! भाजीवाले, ऑटोवाले, बाजाराला आलेली अख्खी गावं!

"तुम्ही कोणाकडचे?" मी एका काकूंना विचारलं.

"मोबाइलवर आलं ना बाप्पा!"

त्यांनी पान दाखवलं. नवरी नाही, नवरा नाही, काका नाही, मामा नाही! शाबूत होता फक्त मथळा: 'सोमवारी दुपारी बारापासून जेवण! मंगल कार्यालय, मोहाडी. सर्वांनी अगत्य यावे!'

तालुक्याला वाटलं, महाप्रसाद आहे!

तेवढ्यात वरात आली. बाशिंग बांधलेला नवरदेव आत घुसू लागला, तर दारातल्या आजीनं त्याचा शेला धरला.

"लाइनीत लाग!"

"आजी, मी नवरदेव आहो!"

"भूक साऱ्यायलेच लागते!" म्हणून तिनं त्याच्या हातात प्लेट कोंबली.

मुहूर्त टळायला आला. काका रडायच्या बेतात! अखेर खुशालमामानंच नवरदेवाला प्लेटसकट खांद्यावर टाकलं आणि भटारखान्याच्या दारातून मांडवात नेऊन उतरवलं. काकांनी मामाला तिथंच मिठी मारली.

मग माझ्याकडे वळून भाताचं घमेलं माझ्या हातात दिलं. वाढपी केव्हाच पळाले होते. दिवेलागणीपर्यंत मी वाढत होतो!

एका नावाला वेगळं सजवायचं तर त्याला क्लास, म्हणजे स्वतःची वेगळी खूण, द्यावा लागतो, हे मला नंतर कळलं. तो व्हिडिओ मी पाहिलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी काका म्हणाले, "सरपंचानं तुले बोलावलं. पोराचं लग्न आहे."

मी कॉलर ताठ केली. "पत्रिका करायले?"

"नाही ना बावा! भात वाढायले!"