मिनिटाले किती?

रामटेके कोणत्याही गोष्टीची प्रथम गती विचारतो. नळाला पाणी आले की, "मिनिटाले किती?" एका लग्नात जेवणाच्या रांगेत तो वाढप्याला म्हणाला होता, "भाऊ, मिनिटाले किती ताटं काढून राहिले तुमी?" वाढप्याने त्याला पनीर दिले नाही.

पोलाद कारखान्यात तो माझ्या पाळीत होता. निवृत्तीनंतर नेहरू नगरात आम्ही शेजारी झालो. त्याने लिनक्सच्या संगणकात चार जुन्या डिस्क जोडून एक मोठी केली. एखादी मेली तरी काही हरवू नये, म्हणून. परंतु तिच्यावर लिहिण्याची गती अत्यंत मंद होती. तीन महिने तो रोज चाचणी घेई आणि कुंपणावरून मला आकडा सांगे. मी विचारत नसे.

या खटाटोपाचे कारण एक व्हिडिओ कॅसेट होती. बहिणीच्या लग्नाची. त्याची आई आता नाही. तिचे हलते चित्र तेवढेच. फीत बुरशीने खाल्लेली. दुरुस्ती करणारा म्हणाला होता, एकदाच चालेल. तेवढ्यात ती संगणकात उतरवायची. त्या वेळी संगणक लिहिण्यात मागे पडला, तर मधली चित्रे गळणार होती.

एका सकाळी मी स्वतः जाऊन मांडणी पाहिली. डिस्कवर आपण कोठे लिहितो आहोत, याची नोंद त्या जोडलेल्या डिस्कांची यंत्रणा आधी करते. वीज गेली तर तेवढाच भाग तपासावा लागतो. रामटेकेने ती नोंदवही इतकी बारीक आखली होती की डिस्कांचा सारा वेळ नोंदी करण्यातच जाई.

"नोंद मोठ्या तुकड्यांची ठेव."

"अन् मंधात लाइन गेली तं? साहेब, एन्ट्री नाही तं काम नाही, हे मले कोनं शिकवलं? मेमो तुमीच देल्ला होता."

दिला होता. एका व्हॉल्व्हची नोंद राहिली म्हणून.

"पाळीप्रमुख या नात्याने सांगतो. इतक्या नोंदी नकोत."

"लिहून द्या."

मी लिहून दिले. त्याने कागद भिंतीला चिकटवला, मग तुकडा मोठा केला. गती तिपटीहून वाढली. त्याला आनंद झाला असावा. त्याने ती आणखी तीनदा मोजली.

फीत लावली. पडद्याच्या कोपऱ्यात गळलेल्या चित्रांचा आकडा होता: शून्य. रामटेकेची नजर तेथेच खिळली. पडद्यावर एक ठेंगणी बाई तांब्या घेऊन वऱ्हाड्यांतून चालली होती.

"रामटेके, आई."

"मी आकडा पाहून राहिलो, साहेब. तुमी पाहा. काय करून राहिली ते?"

"पाणी देते आहे."

"कोनाले?"

"एका म्हाताऱ्याला. आता इकडे पाहून पदर सावरला."

"हसली?"

चित्र धूसर होते.

"हसली," मी म्हणालो.

त्याने मान वळवली नाही. "अजून?"

मी खुर्ची पडद्याजवळ ओढली आणि सांगत राहिलो.