उतरा, स्पीडब्रेकर आला

आमच्या बेळगावच्या खासबागेत एखादं नटलंथटलं कुटुंब भर रस्त्यात गाडीतून उतरून, स्पीडब्रेकर पायी ओलांडून, पलीकडे त्याच गाडीत परत बसताना दिसलं तर घाबरू नका. भांडण नाही, बिघाड नाही. ती बाळूअण्णांची गाडी आहे, एवढंच.

बाळूअण्णा माझे शेजारी. मूळचे निपाणीचे, तंबाखूच्या वखारीत मॅनेजर होते, आता रिटायर. गाडी परदेशी कंपनीची. त्या कंपनीने गाशा गुंडाळून आपला देश सोडला त्याला बरीच वर्षं झाली. गाडी मात्र अण्णांच्या दारात, खरं सांगायचं तर निम्मी माझ्या दारात, उभी आहे. अण्णा तिला 'सूनबाई' म्हणतात. सूनबाईचं पोट जमिनीपासून जेमतेम चार बोटांवर.

एकदा त्या पोटाला दगड लागला आणि चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं, फुटलं. नवं मिळता मिळेना. शेवटी उद्यमबागेतल्या रफिक मेस्त्रीनं वेल्डिंग करून दिलं आणि बजावलं, "अण्णा, हे शेवटचं बघा. परत फुटलं तर गाडी सरळ भंगारात घाला, माझ्याकडं आणू नका."

झालं! तेव्हापासून स्पीडब्रेकर दिसला की अण्णांचा हुकूम सुटतो, "उतरा, स्पीडब्रेकर आला." वजन कमी झालं की पोट वर उचलतं, हे शास्त्र. वहिनी उतरतात, पोरं उतरतात. पहिल्या दिवाळसणाला आलेल्या जावयालाही मिठाईच्या पुड्यासकट उतरवलं होतं. मग अण्णा एकटेच आत बसून कानडीत "निधान, निधान", म्हणजे "सावकाश, सावकाश", पुटपुटत गाडी हळूहळू पलीकडे काढतात.

"कानडीत का हो?" मी एकदा विचारलं.

"मराठीत सांगून बघितलं, टीचर. ऐकत न्हाय."

मी हायस्कूलला शिकवते म्हणून अख्ख्या गल्लीची मी टीचर.

गाडीची दुसरी तऱ्हा म्हणजे वायपर. तिच्यात वळण्याचा दिवा लावायची दांडी डाव्या हाताला. अण्णांच्या हाताला जन्माची उजव्या बाजूची सवय. त्यामुळे रणरणत्या उन्हात, कोरड्या ठणठणीत काचेवर वायपर फिरला, की अण्णा वळणार हे आमचे रिक्षावालेसुद्धा आता ओळखतात. खरा पाऊस आला की मात्र सगळ्यांची पंचाईत!

खंडेनवमीला तर कहरच झाला. आमच्याकडे वाहनासमोर कुंकू भरलेला कोहळा फोडायची पद्धत. अण्णांनी फोडला, जोरात फोडला, आणि उत्साहाच्या भरात गाडी वरून नेली. कोहळ्याची भली मोठी फोड पोटाखाली अशी गच्च अडकली, की सूनबाई पुढेही जाईना, मागेही येईना. वहिनी, भटजी आणि मी झाडूच्या दांड्यानं ती फोड ढोसत रस्त्यावर आडवे. अण्णा कौतुकानं म्हणतात कसे, "परसाद सोडत न्हाय बघा."

परदेशी गाड्या आपल्याकडे का टिकत नाहीत, हे त्यांना विचारायला लागत नाही, नुसतं समोर उभं राहायला लागतं.

"तिकडच्या सायबानी काय केलं सांगू? तिकडं जुनं झालं ते हिकडं पाठिवलं. पावण्याच्या ताटात शिळी भाकरी! आपल्या लोकास्नी कळत न्हाय व्हय? हॉर्न बघा, लाजतंय नुसतं. संकेश्वरच्या बाजारात म्हशीच्या मागं वाजवा, म्हस वळून बघत न्हाय. ॲव्हरेज इचारलं की शोरूमवाला सीटचं कापड दाखवायचा. आणि शोरूम तरी कुठं? आधी बेळगावात, मग हुबळीला, मग पुण्याला, मग न्हाईच. आरशाची काच मागिवली तर महिना. आणि आपल्यात गाडी घेताना मागची सीट बघत्यात, टीचर. चालिवणारा एक, बसणारी बारा, वर तांदळाचं पोतं. तिकडं म्हणं माणूस एकटाच जातंय, गाणी ऐकत."

"इतकं कळतंय तर विकून टाका की! माझं गेट तरी मोकळं होईल," मी चिडून म्हणायची.

"नांदायला जमंना म्हणून सुनंला हाकलून देतंय व्हय कोण?"

मी नवी गाडी घेतली, आपल्याकडे खपते तसली, पांढरी आणि चांगली उंच. पेढा तोंडात टाकत अण्णांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "बरी हाय. शिडी कुठाय?" माझ्या डोक्यात तिडीक गेली. पेढा परत घ्यावासा वाटला!

गेल्या वैशाखात निपाणीला एक लग्न होतं. नवरी माझी विद्यार्थिनी, आणि अण्णांच्या आक्काच्या शेजारणीची नात. आक्का म्हणजे अण्णांची थोरली बहीण, निपाणीतच राहते. माझी उंच गाडी नेमकी सर्व्हिसिंगला. अण्णा म्हणाले, "चला की. आक्काला घिऊन तिघं जाऊ हॉलवर." अडला हरी! जरीची साडी नेसून सूनबाईत बसले आणि वाटेतला एकेक स्पीडब्रेकर उतरून, चालून ओलांडला. एका ट्रकवाल्यानं तर माझ्यासाठी हॉर्नवर गाणं वाजवलं. मी मनातल्या मनात अण्णांचा उद्धार करत होते.

आक्का दारातच उभी होती. नऊवारी, हातात काठी, करडी नजर. गुडघे धनुष्यासारखे वाकलेले. मी हात द्यायला पुढे झाले तर अण्णांनी मागून खूण केली, नको.

"मला कुणी धरू नगा," आक्का म्हणाली. पाठ करून सीटवर बसली, एकेक पाय हातानं उचलून आत घेतला आणि दार ओढून घेतलं. मग मला म्हणते, "माझ्या दिरानं मोठी गाडी घेतलीया. एक वरनं वढतंय, एक खालनं ढकलतंय. मी काय तंबाकूचा बोद हाय व्हय, पोत्यागत गाडीत चढवायला? बाळूची गाडी आली तरच मी भाईर पडतो. कसं, उंबऱ्यावर बसल्यागत."

गल्लीच्या तोंडाशीच स्पीडब्रेकर. चांगला डोंगराएवढा. सवयीनं माझा हात दाराकडे गेला.

"काय झालं, टीचर?" अण्णांनी अगदी निरागसपणे विचारलं. "बसा की!"

मी बसले. अण्णांनी गाडी वर चढवली. खर्रर्रर्र! मी नकळत पाय वर उचलून धरले. अण्णांच्या मानेची शीर टरारून फुगली.

"काय वाजलं रं, बाळू?"

"रस्ता, आक्का. रस्ताच वाईट हाय."

"गाडी मातूर लई भारी घेतलीस बघ."

"व्हय, आक्का."

हॉलवर आक्का आपली आपण उतरली आणि काठी टेकत ऐटीत आत गेली. ती दिसेनाशी झाली तसे अण्णा कोऱ्या झब्ब्यासकट रस्त्यावर उताणे पडले आणि गाडीखाली शिरले. मला कधी नव्हे ती त्या सुनेची काळजी वाटली. बाहेर आले ते पाठीला धूळ आणि तोंडभर हसू घेऊन. "थेंब न्हाय. रफिकचं वेल्डिंग!"

"अण्णा, मला तरी उतरवायचं. चेंबर गेलं असतं म्हणजे?"

"तुम्ही उतरला असता तर तिनं इचारलं असतं का म्हणून. मग ती बी उतरली असती, आणि परत बसली नसती. 'तुला मी जड झालो' म्हणाली असती." ते झब्बा झटकत राहिले. "विड्या वळून शिकिवलं हो तिनं मला. मांडी घालून, वर सूप घिऊन, दिवस मावळंस्तवर. गुडघं तिथंच गेलं तिचं. ही गाडी गेली तर दुसरी घ्यायला मला काय झालंय? पर बाकी सगळ्या गाड्यांत चढायलाच लागतंय, टीचर."

मी त्यांच्या पाठीवरची धूळ झटकली.

जेवणं झाली, आक्काला घरी पोचवलं, निघालो. गल्लीच्या तोंडाशी तोच स्पीडब्रेकर.

"उतरा, टीचर, स्पीडब्रेकर आला."

मी उतरले. सूनबाई "निधान, निधान" करत पलीकडे गेली. मी चालत गेले, पण लगेच बसले नाही. साडी सावरून भर रस्त्यात गुडघे टेकले आणि गाडीखाली वाकून बघितलं. मागचा टेम्पोवाला ओरडला, "मावशी, काय हरवलं काय?"

"कोरडं आहे, अण्णा," मी म्हटलं आणि दार उघडलं.