अनंतरावांचा एडिटर चालत नाही

"बाबा, गोळ्या घेतल्या का?"

"घेतल्या."

"पाणी आलं का?"

"काल येऊन गेलं. आता सहा दिवस बघायला नको."

"बरं. आई काय करतीये?"

"आमटीसाठी येसराचा मसाला करतीये."

"बरं. ठेवते मग बाबा. काळजी घ्या."

झाला रविवारचा फोन. अकराला आला, अकरा वाजून चार मिनिटांनी संपला. अनंतराव फोन धोतराच्या नाही तर बनियनच्या टोकाने पुसून कपाटावर ठेवायचे. दमयंतीबाई आतून विचारायच्या, "काय म्हणाली?" आणि अनंतराव सांगायचे, "काळजी घ्या म्हणाली." हिमानी चार वर्षं बंगळूरला होती आणि चार वर्षं ती हेच म्हणत होती.

लेक वाईट नव्हती हो. बोलायचं काय, हा प्रश्न होता. ती तिथे कंपनीत प्रोग्राम लिहायची. अनंतराव विचारायचे, "काम कसं चाललंय?" ती म्हणायची, "चाललंय." इथे सगळं थांबायचं, कारण अनंतरावांना दुसरा प्रश्न सुचायचा नाही. ज्यातलं ओ की ठो कळत नाही त्यातलं माणूस विचारणार काय, कपाळ? बत्तीस वर्षं वैजापूरच्या तहसील कचेरीत रेकॉर्ड रूम सांभाळलेला हा गृहस्थ. कुठल्या गावचा कुठला फेरफार कुठल्या गठ्ठ्यात आहे, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. पण स्वतःच्या लेकीच्या टेबलावर काय असतं, ते त्याला माहीत नव्हतं. आणि त्याला लेकीशी बोलायचं होतं, फार बोलायचं होतं. तेव्हा निव्वळ दुसरा प्रश्न विचारता यावा, एवढ्यासाठी अनंतराव अडुसष्टाव्या वर्षी प्रोग्रामिंग शिकायला बसले.

पुढच्या रविवारी गोळ्या आणि पाणी झाल्यावर त्यांनी हळूच विषय काढला. "मी म्हटलं पायथन शिकावं. पण आधी तो एडिटर की काय बसवावा लागतो म्हणे. तो काही बसेना."

हिमानी म्हणाली, "बाबा, तुम्ही? पायथन?" आणि हसली. फोनवर ती हसल्याला किती महिने झाले होते, ते अनंतरावांनी मनातल्या मनात मोजायला घेतलं आणि सोडून दिलं.

"सोपंय बाबा. एडिटर म्हणजे वही समजा. तुम्ही तिच्यात लिहिणार. पायथन म्हणजे ते वाचून काम करणारा माणूस. आणि तो माणूस कुठं राहतो, ते वहीला सांगून ठेवावं लागतं."

"म्हणजे पत्ता कळवायचा."

"अगदी!"

"मग असं सांग ना. पत्त्याशिवाय कागद जाईल कुठं?"

तोंडी सांगून जमेना, तेव्हा हिमानीने त्यांच्याकडून आणखी एक प्रोग्राम बसवून घेतला. तिने बंगळूरात माउस हलवला की इथे सिडकोतल्या घरी संगणकाच्या पडद्यावरचा बाण हलायचा. "पासवर्ड कायमचा ठेवते बाबा. संगणक चालू असला की मला केव्हाही आत येता येईल." अनंतरावांनी हात मांडीवर ठेवले आणि बाण चालू लागला. दमयंतीबाई उलथनं घेऊन बाहेर आल्या.

"अगंबाई! आपोआप?"

"आपोआप कसला? हिमानी आहे ती."

दमयंतीबाई खुर्ची ओढून बसल्या. बाण इकडून तिकडे जात होता, खिडक्या उघडत होता, मिटत होता. लहानपणी ही पोरगी घरात अशीच भिरभिरायची. त्या फोनकडे वाकून म्हणाल्या, "जरा दमानं गं. किती पळशील?" त्या दिवशी फोन बावन्न मिनिटं चालला. एडिटर बसला, पत्ता कळवायचा तेवढा पुढच्या रविवारवर राहिला. तेव्हापासून त्या घरातला संगणक कधी बंद झाला नाही. कशाला, तर ती यायची झाली तर दार बंद नको.

इथवर सगळं छान होतं. माणसाने आठवडाभर गप्प बसावं की नाही? पण सोमवारी अनंतरावांनी एडिटरचं फोल्डर सहज उघडून पाहिलं आणि त्यांच्या अंगाची लाही लाही झाली. तीन हजारांवर फायली! ना अनुक्रम, ना वर्ष, ना गठ्ठा.

"हे रेकॉर्ड आहे का उकिरडा?" ते ओरडले.

सरकारी रेकॉर्ड रूममध्ये प्रत्येक कागदाला वर्ग असतो. अ म्हणजे कायम जतन. ब म्हणजे तीस वर्षं. क म्हणजे दहा. आणि ड म्हणजे वर्षभर ठेवून नष्ट. अनंतरावांनी चार फोल्डर केले आणि वाटणीला बसले. मध्येच संगणकाने विचारलं, ही फाइल हलवायला वरिष्ठांची परवानगी लागेल, पुढे जायचं का? अनंतराव खूश झाले. "बघ, शिस्त आहे. परवानगी मागतोय." आणि त्यांनी परवानगी दिली. आयुष्यात वरिष्ठ व्हायचा त्यांचा हा पहिलाच प्रसंग होता. मग त्यांनी सढळ हाताने परवानग्या दिल्या.

ज्या फायलींच्या नावावरून काही बोध होईना, त्या सगळ्या ड वर्गात गेल्या. तारखा तपासल्या तर मुदत उलटून गेलेली. गुरुवारी दुपारी अनंतरावांनी रीतसर पंचनामा करून ड वर्ग नष्ट केला. पंच म्हणून दमयंतीबाईंनी सही केली. दुसरा पंच मिळेना, म्हणून भांडी घासायला आलेल्या गोजरबाईंना बोलावलं.

"कशाचा पंचनामा हाय म्हणं?" गोजरबाईंनी हात पुसत विचारलं.

"कागद नष्ट केले."

"कुठायत कागद?"

"आता दिसत नाहीत."

"मंग झाले की नष्ट," असं म्हणून गोजरबाईंनी सही ठोकली.

एडिटर अर्थातच मेला. रविवारी हिमानीने आत शिरून पाहिलं आणि बाण जागच्या जागी थबकला.

"बाबा, इथल्या फायली कुठं गेल्या?"

"ड वर्गात होत्या. नष्ट केल्या. यादी आहे माझ्याकडे, वाचू का?"

आणि अनंतरावांनी अनुक्रमांकासह यादी वाचायला घेतली. सतराव्या नोंदीला हिमानी हसायला लागली, चाळिसाव्या नोंदीला तिला उचकी लागली, आणि गोजरबाईंच्या सहीपाशी ती "बाबा, बास, पोट दुखतंय" म्हणत खाली बसली. एक तास वीस मिनिटं! त्यात तिने एडिटर नव्याने बसवला आणि बसवता बसवता काय काय बोलली. तिने केस कापले होते. खाली राहणाऱ्या म्हातारीच्या कुत्र्याला ती रोज पोळी घालायची. ऑफिसात तिच्या हाताखाली आता तिघं होती आणि तिला त्यांना रागावता येत नव्हतं. चार वर्षांत गोळ्या आणि पाण्याच्या पलीकडे न गेलेली लेक धबधब्यासारखी बोलत होती, आणि अनंतरावांना एकाला एक लागून प्रश्न सुचत होते.

मग ते असंच सुरू झालं. अनंतरावांनी कानाला खडा लावला होता, एकाही फाइलला ते बोट लावत नव्हते. रविवारी हिमानी सगळं नीट करून जायची. शनिवारी अनंतराव धडा गिरवायला बसले की काहीतरी बिघडलेलं असायचं. कधी एडिटरला पायथन सापडत नसे, कधी अक्षरं मुंगीएवढी व्हायची, एकदा तर सगळा पडदा काळाकुट्ट. अनंतराव प्रत्येक बिघाड तारखेसह नोंदवहीत टिपायचे आणि वर्गाच्या रकान्यात ड लिहायचे. "काय की बाई, नजर लागली यंत्राला," दमयंतीबाई म्हणायच्या आणि रविवारी पावणेअकरालाच स्वयंपाक उरकून खुर्ची धरायच्या. असे सहा रविवार गेले. अनंतरावांना अजून पायथनची एक ओळ लिहिता येत नव्हती आणि ते इतके सुखी कधीच नव्हते.

अशात एका गुरुवारी शेजारचा शिवराज मिक्सर परत द्यायला आला. हा बिडकीनकडे एका कारखान्यात संगणकांची देखभाल करतो. वाईट सवय एकच, मदत करतो.

"काका, एडिटर चालंना म्हणं तुमचा? मला सांगायचं ना राव! लई सोपं काम हाय." आणि नको नको म्हणेपर्यंत तो खुर्चीत बसलासुद्धा. सात मिनिटं लागली. पडद्यावर अक्षरं उमटली, 'नमस्कार हिमानी'. गेले सहा शनिवार अनंतराव हीच एक ओळ चालवायला बघत होते.

"घ्या! आता काय बी होणार नाय. एकदम फिट्ट." शिवराज हात झटकत उठला. दमयंतीबाईंनी त्याला चहा दिला, त्यात साखर घालायचं त्यांच्या लक्षातून गेलं.

शिवराज गेल्यावर अनंतराव म्हणाले, "झालं. आता रविवारी काय बोलायचं?"

"चालू झालं म्हणून सांगू नका."

"म्हणजे खोटा अहवाल देऊ? बत्तीस वर्षांत दिला नाही."

"मग पुन्हा करा की काहीतरी नष्ट. मी देते सही."

"अगं, ते अजाणता झालं होतं. चालू रेकॉर्ड जाणूनबुजून गहाळ करायचं म्हणजे नोकरी जाते."

"तुम्हाला रिटायर होऊन दहा वर्षं झाली!" दमयंतीबाईंचा आवाज चढला. "मला माझी पोरगी पाहिजे. बाण तर बाण. तेवढा तरी घरात हिंडू द्या."

अनंतरावांनाही तो बाणच पाहिजे होता. शुक्रवारी नेहमीसारखी दोघं संध्याकाळी देवीच्या देवळात गेली. तिथे त्यांनी काय मागितलं ते विचारू नका, एडिटर बंद पडावा म्हणून नवस बोलणारं हे बहुधा पहिलंच जोडपं. शनिवारी सकाळी मात्र अनंतरावांनी मन घट्ट केलं. लेकीसाठी एकदा, फक्त एकदा, रेकॉर्ड गहाळ करायचं. त्यांनी एडिटर उघडला.

तो बंद पडलेला होता. पायथनचा पत्ताच नाहीसा.

"तू केलंस?"

"देवाशपथ नाही. मला ते चालू कुठून करतात ते माहीत नाही."

तेवढ्यात दारात शिवराज. "काका, चाललंय ना?" चालत नाही म्हटल्यावर त्याचा इगो दुखावला. "असं कसं व्हईल?" म्हणत तो खुर्चीत बसला आणि बराच वेळ खाटखूट करत राहिला. मग त्याने मान खाजवली.

"काका, हे तुमच्याकडून नाय झालं. काल सात वाजून दहा मिनिटांनी बाहेरून कुणीतरी आत आलं, पत्ता खोडला आन् सात पंधराला निघून गेलं."

"तुला कसं कळलं?"

"नोंद राहते ना. कोण कधी आलं, कधी गेलं."

"यंत्र आवक-जावक ठेवतं?" एवढ्या गडबडीतही अनंतरावांना भरून आलं.

"ठेवतंय की. हे बघा, मागच्या शुक्रवारी सात वाजून पाच. त्याच्या मागच्या शुक्रवारी सात वीस. कालचा धरून सात शुक्रवार हायत. पासवर्ड कुणाकडं हाय तुमचा?"

पासवर्ड फक्त हिमानीकडे होता. आणि शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता आई-बाबा देवळात असतात, घरात कुणी नसतं, हे तिला परकर-पोलक्यात असल्यापासून माहीत होतं.

दमयंतीबाईंनी पदर तोंडाला लावला. "म्हणजे दर शुक्रवारी येत होती पोरगी. आणि आपण घरी नाही."

"अहो काकू, रडायला काय झालं? पासवर्ड बदलतो, पत्ता टाकतो, दोन मिनिटांत..."

"हात लावू नकोस!" दोघं एकदम ओरडली. शिवराज खुर्चीसकट मागे सरकला. या वेळी त्याला चहात दीड चमचा साखर मिळाली, वर लाडू मिळाला, आणि आता कधीही मदतीला येऊ नये असं मायेने समजावून सांगण्यात आलं.

तो गेल्यावर दमयंतीबाईंनी डोळे पुसले आणि विचारलं, "अहो, मग पुढच्या शुक्रवारी देवळात जायचं का नाही?"

"जायचं म्हणजे? जायलाच पाहिजे. नाहीतर ती बिचारी येणार कधी?"

रविवारी अकराला फोन वाजला. हिमानीने गोळ्या विचारल्या नाहीत, पाणी विचारलं नाही. जरा घाईने म्हणाली, "बाबा, काय म्हणतोय एडिटर? चालू झाला का?"

"नाही गं," अनंतराव म्हणाले. "चालत नाही."

"अरे देवा!" हिमानी म्हणाली. तिच्या आवाजातला आनंद तिला काही लपवता आला नाही. "काय झालं असेल?"

"काही कळत नाही बुवा."

"थांबा, येते मी."

बाण आला. दमयंतीबाई खुर्ची पुढे सरकवून बसल्या. अनंतरावांनी मांडीवरची बिघाडांची नोंदवही उघडली, तारीख टाकली आणि लेकीचं बोलणं ऐकत ऐकत सुबक अक्षरात लिहिलं, 'एडिटर चालत नाही. कारण : अज्ञात.' बत्तीस अधिक दहा वर्षांतली ही त्यांची पहिली खोटी नोंद. मग शेजारच्या वर्गाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं : अ.