धाकटीच्या केकचं गुपित

थोरल्या जाऊबाईंना धाकटीचं रूप खुपत नव्हतं, नोकरी खुपत नव्हती. खुपायचा तो फक्त तिचा केक.

अकरा वर्षं या घरात केक करावा तो थोरलीनंच. मग धाकटी आली काय, ओट्यावर वजनकाटा मांडला काय, ग्रॅममध्ये मोजून केक केला काय, सगळं घर जिभल्या चाटायला लागलं! थोरलीनं त्या केकचा कणही कधी तोंडात घातला नाही. "मला गोड सोसत नाही हल्ली," म्हणायची, आणि खोलीत जाऊन दार लावून चॉकलेट खायची.

आज सासूबाईंचा पंचाहत्तरावा वाढदिवस. "केक मीच करणार," असं थोरलीनं आदल्या दिवशीच बजावून ठेवलं होतं. धाकटी ऑफिसला गेली न गेली तोच थोरलीनं धाकटीची पाककृतींची वही काढली. घाईघाईत केकचं पान सापडलं. मैदा अडीचशे ग्रॅम.

आता वजनकाट्याला हात लावायचा म्हणजे नाक कापून घ्यायचं. थोरलीनं आपला मापाचा कप उलटा करून पाहिला. बुडावर २५० छापलेलं. "म्हणजे एकच कप! आणि मी मेली दोन कप घालत बसते! म्हणून हिचा हलका होतो होय!" त्या कपात पाणी अडीचशे ग्रॅम मावतं, मैदा जेमतेम निम्मा, हे सांगायला तिथे कुणी नव्हतं. असतं तरी तिनं ऐकलं नसतं.

मिश्रण सूपसारखं पातळ झालं. थोरली खूश झाली, वेगळं दिसतंय म्हणजे गुपित खरं. ओव्हनमध्ये केक टम्म फुगला आणि बाहेर काढताच मधोमध बसला. खड्डा झाकायला तिनं क्रीम ओतलं. केक गरम, क्रीम वितळलं आणि ओट्यावरून फरशीवर आलं. नेमकी तेव्हाच धाकटी अर्धा दिवस रजा टाकून दारात उभी.

"ताई! हे काय झालं?"

"तुझाच केक आहे. तुझ्या वहीतला," थोरली रडकुंडीला येऊन म्हणाली. "माझ्यापासून दडवून ठेवलास ना?"

"माझा कुठला? अहो, तुमचाच आहे तो! वर बघा ना, काय लिहिलंय." पानाच्या डोक्यावर बारीक अक्षरात होतं, 'ताईंचा केक'. "मला कपानं कधी जमेना. तुम्ही मैदा ओतलात की मी गुपचूप काट्यावर ठेवून बघायचे. दोन कप, अडीचशे ग्रॅम."

थोरलीनं पान डोळ्यांजवळ धरून पुन्हा वाचलं. तीन वर्षं जळत होती ती स्वतःच्याच केकवर!

"मग तुझीच वाहवा का होते गं?"

"नवी आहे ना मी. तुमचं कौतुक करायचं लोक विसरलेत. माझा नुसता जळफळाट व्हायचा ताई, तुमचा हात चालताना बघून."

थोरलीला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की रागवायचंही राहून गेलं. तेवढ्यात सासूबाई आत आल्या. ओट्यावरचा लगदा पाहून त्यांनी चमचा बुडवला.

"वा! तोंडात विरघळतोय अगदी! धाकटीनं केला ना? लगेच कळतं."

"नाही आई, ताईंनी."

"होय?" सासूबाईंनी चमचा खाली ठेवला. "तरीच जरा चिकट लागला."

दोन्ही जावांनी एकमेकींकडे पाहिलं. मग सासूबाई बाहेर जाताच दार लोटून घेतलं, मैदा काढला, आणि एकीनं कप धरला, दुसरीनं काटा.

संध्याकाळी केक कापला. कुणी केला, ते दोघीही सांगेनात. सासूबाई तुकडा तोंडात धरून एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिल्या. चांगला झालाय की नाही, ते काही त्यांना सांगता येईना.