मॅडम डिस्कमध्ये मावत नाहीत

"आण घरी, मी बसवून देते डिस्कवर," असं ती नवऱ्याला बोलून गेली, आणि तिथंच सगळं बिघडलं.

नवरा एका कंपनीत आगीपासून बचावाचं प्रशिक्षण सांभाळायचा. लांबलचक व्हिडिओ दूरच्या शाखांना पाठवायचे, तिथलं इंटरनेट रडतखडत चालणारं, म्हणून डिस्क. बाळ होण्याआधी ती स्टुडिओत हेच काम करायची. कामासाठी हात शिवशिवतायत, असं तिनं सासूबाईंना सांगितलं. (खरं तर तिला व्हिडिओत शिकवणाऱ्या मॅडमना एकदा डोळे भरून बघायचं होतं. नवऱ्याच्या तोंडी हल्ली दुसरा विषयच नव्हता.)

मॅडम दिसल्या. इकडे ही, खांद्यावर दुधाचा डाग, मांडीवर फक्त 'बाबा' म्हणणारं बाळ (हेही तिला खुपायचंच). तिकडे मॅडम, कडक इस्त्रीच्या शर्टात, आग विझवायच्या लाल सिलिंडरशेजारी. केसांची एक बट इकडची तिकडे नाही.

"देखणी आहे हो," सासूबाई मागून म्हणाल्या.

"आई, मी सिलिंडर बघतेय."

"मी शेजारचीबद्दल म्हणतेय."

संध्याकाळी नवरा फोनवर बोलत होता. "नाही हो, मॅडम एकीत मावत नाहीत... दोन तुकडे करणं मला पटत नाही... पण चेहरा जराही बिघडता कामा नये!"

तिच्या हातातलं बाळाचं झबलं पिळता पिळता टरकन फाटलं.

"कोण मावत नाही?"

"मॅडम. चार तासांच्या आहेत ना!"

"आणि मी किती तासांची?"

"तू तर दिवसभर चालूच असतेस," तो अगदी निष्पापपणे म्हणाला.

झालं. दुसऱ्या दिवशी ती कामाला बसली. डिस्कवरची जागा ठरलेली. लांब व्हिडिओ नुसता कोंबला की चित्र फाटतं. पण जागा सगळ्यांना सारखी वाटायची नसते, हे तिला ठाऊक होतं. जिथं बारकावे हवेत तिथं सढळ हातानं द्यायची, बाकी ठिकाणी हात आखडायचा. आता बारकावे कुठं हवेत, हे ठरवणारी तीच. सिलिंडर, पिन, नळी: घ्या हवी तेवढी. मॅडमचा चेहरा: उरेल त्यात भागवा. (फारसं उरलं नाही.) मॅडम हसल्या की गालांवर फरशी बसवल्यासारखे चौकोन उमटायचे. ते बघून तिला इतकं बरं वाटलं, की तिनं ती सेटिंग 'उत्तम' या नावानं सेव्ह करून ठेवली.

डिस्क रवाना झाल्यावर मात्र तिला पुढचं सगळं दिसू लागलं. नवऱ्याची नोकरी जाणार, बाळ मोठं झाल्यावर विचारणार, बाबा घरी का बसले, आणि सासूबाई सांगणार, विचार तुझ्या आईला.

नवरा घरी आला तो नाचतच. "अगं, कमाल केलीस! आजवर सगळे मॅडमकडेच बघत बसायचे, पिन कुठून काढायची ते कुणाला आठवायचं नाही. या वेळी झाडून सगळे पास!"

"आणि मॅडम?"

"त्या तर भलत्याच खूश! म्हणाल्या, स्वयंपाकघरातल्या आगीचा भाग तुमच्या बायकोलाच सांगू दे. तिला नेमकं काय दाखवायचं ते कळतं."

ती इतकी ओशाळली, की जेवताना मॅडमची स्तुती करतच राहिली. "तुला दुसरा विषय नाही का?" नवरा शेवटी वैतागला.

शूटिंग घरच्याच ओट्यापाशी झालं. तिनं केस तीनदा विंचरले, कडक इस्त्रीचा शर्ट घातला आणि अगदी मॅडमसारखीच त्या आग विझवायच्या सिलिंडरशेजारी उभी राहिली. "तू दमतेस, या वेळी डिस्क मी करतो," नवरा म्हणाला. पुढंही तो काहीतरी बोलला, पण 'तू दमतेस' ऐकूनच ती विरघळली होती.

रविवारी सगळे टीव्हीसमोर बसले. सिलिंडर असा लखलखत होता, की त्यावरचे बोटांचे ठसेसुद्धा दिसावेत. शेजारी एक इस्त्रीचा शर्ट होता, आणि त्याच्यावर चौकोन.

"चेहरा कुठं गेला गं तुझा?" सासूबाईंनी चष्मा पुसला.

"तुझंच 'उत्तम' वापरलं!" नवऱ्याची छाती फुगली होती. "पाठवूनही दिल्या सगळ्या शाखांना."

तिच्या तोंडून शब्द फुटेना. फुटला तो बाळाच्या. ते रांगत टीव्हीपाशी गेलं, काचेवरच्या लाल सिलिंडरवर दोन्ही हात ठेवले, आणि जन्मात पहिल्यांदा, अगदी स्पष्ट म्हणालं,

"आई!"