हवालदाराचं विधेयक

"कोंबड्याचा विषय समितीकडे गेलाय, आजोबा," पूर्वी म्हणाली, आणि सुरीला धार लावणारा महादूचा हात तिथल्या तिथे थांबला.

"कुठं गेलाय?"

"समितीकडे. आजीने हरकत घेतलीय. समितीने सोडला नाही, तर नव्वद दिवस त्याला कुणी हात लावायचा नाही."

महादूने अंगणात पाहिलं. कोंबडा कुठंही गेला नव्हता. उकिरड्यावर उभा राहून, मान ताणून तो महादूकडेच बघत होता. नाव त्याचं हवालदार. वाढवला राहीबाईने, महादूच्या बायकोने. हवालदार आरवला की निजामपुऱ्यातले कापडाचे लूम शिफ्ट बदलतात, असं ती साऱ्या शेलार गावाला सांगायची. जो नाही म्हणेल त्याला तिच्या घरी चहा मिळायचा नाही.

आणि रविवारी नातजावई येणार होता. थोरल्या नातीचा, जागृतीचा नवरा प्रितेश, लग्नानंतर पहिल्यांदाच जेवायला. त्याच्या ताटात गावठी कोंबडा पडला नाही, तर महादूने गावात तोंड कुठं दाखवायचं?

चूक त्याचीच होती. पूर्वीला एम.ए.च्या वर्गात दक्षिण कोरियाच्या संसदेवर बोलायचं होतं. मागच्या आठवड्यात ती जेवताना म्हणाली, "चार महिने आपलं घर कोरियासारखं चालवून बघू या का?" महादू पाच वर्षं ग्रामपंचायतीचा मेंबर होता. तो म्हणाला, "चालव! राजकारनात मना कोन हरवतंय?" आणि त्याने तिच्या कागदावर सही ठोकली. तो कागद आता फ्रिजवर चिकटला होता.

"तिथं विषय सरळ सगळ्यांसमोर मताला येत नाही," पूर्वी समजावू लागली. "आधी समितीत जातो. हजारो विधेयकं तिथंच पडून राहतात आणि सभागृहाची मुदत संपली की मरतात."

"हजारो?"

"हजारो."

"आनि लोकं गप बसतात?"

"भांडतात ना. वाद फार पेटला की आणखी छोटी समिती. सहा जणांची. तीन मोठ्या पक्षाचे, तीन बाकीच्यांचे. चार हात वर झाले तर विषय सुटला, नाहीतर नव्वद दिवस अडकला. आपलं घर लहान, म्हणून आपण दोन-दोन घेऊ. तीन हात लागतील."

घरात पक्ष दोनच होते. खाणारे आणि माळकरी. खाणाऱ्यांत महादू, मुलगा दिनेश, सून मनिषा, नातू भाविक आणि महादूने हट्टाने नोंदवलेला वाघ्या कुत्रा, असे पाच. माळकऱ्यांत राहीबाई आणि महादूची विधवा बहीण कमळा. पूर्वी लेखनिक, तिला मत नाही. मोठा पक्ष महादूचा म्हणून अध्यक्षही महादूच. ते ऐकून तो खुलला, पण तेवढ्यापुरताच.

ओट्यावर पहिली बैठक भरली. एका बाजूला महादू आणि दिनेश, समोर राहीबाई आणि कमळा.

"बाबा, धामणकर नाक्यावरनं ब्रॉयलर आणतो ना मी," दिनेश हळूच म्हणाला. "हवालदार घरचाच हाय."

"गप! पक्षाचा आदेश हाय. हात वर!"

दिनेशने तोंड पाडून हात वर केला. दोन विरुद्ध दोन. विषय अडकला. हवालदार मोठ्याने आरवला.

"मग तिथली मानसं अशा वक्ताला करतात तरी काय?" महादूने कपाळाला हात लावून विचारलं.

पूर्वीच्या तोंडून निसटलं, "एकदा एका सदस्याने आपला मोठा पक्षच सोडला. मग तो बाकीच्यांत मोजला गेला. त्यांच्या खुर्चीत बसला आणि मत मात्र जुन्या पक्षाला धार्जिणं."

महादूचा आ वासला तो मिटेचना. "एवढी हुशार मानसं! आनि आमी पाच वरसं पंचायतीत नुसती भजी खाल्ली!"

तासाभराने तो स्वयंपाकघरात गेला. "दिनेशची आये, मी माळ घालतो."

राहीबाईच्या हातातलं उलथणं खाली पडलं. बावीस वर्षं ती नवऱ्याच्या मागे लागली होती, माळ घाला, माळ घाला. तिने वाकून ते उचललं. मग म्हणाली, "घाला. पन देवळातल्या बुवांच्या हातून. खुंटीवरची काढून अडकवली, तर पूर्वी धरायची न्हाय."

"अधिकृत पाहिजे," बाहेरून पूर्वी ओरडली.

महादूला वाटलं, देवळात जायचं, मान वाकवायची, पाच मिनिटांत मोकळं. गुरुवारी संध्याकाळी जाऊन बघतो तर अर्धं शेलार जमलेलं, टाळ-मृदंग चाललेला. बुवांनी विचारलं, "मांस-मच्छी सोडली?" "होय बुवा." "दारू सोडली?" "होय बुवा." "जिवाची हिंसा सोडली?" महादू मनात हात मोजत होता. "होय बुवा!"

सकाळी नाक्यावर फ्लेक्स झळकला. निवडणुकीतला जुना गॉगलवाला फोटो, गळ्यात नवी माळ चिकटवलेली, आणि खाली 'महादूशेठ यांचे हार्दिक अभिनंदन'. भाविकची हौस. महादूला धक्का बसला, पण फोटो बरा आला होता.

शुक्रवारी दुसरी बैठक. अध्यक्षांनी कमळाला उठवलं आणि तिच्या जागेवर स्वतः बसले. आपल्या जुन्या जागेवर त्यांनी मनिषाला बसवलं.

"हा अन्याव हाय!" कमळा किंचाळली.

"हा कोरिया हाय," महादू म्हणाला.

दिनेशचा हात वर. मनिषाचा वर. आणि माळकऱ्यांच्या बाजूने महादूचा वर. तीन!

"गल्यान माळ आनि हात कोंबऱ्यावर?" कमळाने तोंडाला पदर लावला. राहीबाई तेवढी निवांत तांदूळ निवडत होती.

मग सगळ्या घरापुढे मत झालं आणि विधेयक मंजूर झालं.

रविवारी प्रितेश येऊन ओट्यावर टेकला. महादू सुरी घेऊन अंगणात उतरला, आणि जागीच थिजला. प्रितेशच्या शेजारी बुवा चहा पीत बसले होते. राहीबाईनेच बोलावलेले.

"काय महादूशेठ, सुरी कशाला?"

"दुधी... दुधी कापाला," महादू म्हणाला. मागच्या दाराने तो घरात आला. "दिनेश, तू काप."

दिनेश पांढरा पडला. रक्त बघितलं की तो आडवा व्हायचा. मनिषा म्हणाली, "मना शिजवाला येतंय, कापाला न्हाय." भाविक फोन कानाला लावून जो गेला तो दिसलाच नाही. वाघ्या हवालदाराला बघून खाटेखाली शिरला. इतकी वर्षं त्या घरात कोंबडा कापणारा हात एकच होता, आणि तो हात गुरुवारी माळकरी झाला होता.

"कायदा झाला, पण राबवणारा कुणी नाही," पूर्वी भराभरा लिहीत म्हणाली.

शेवटी दिनेश धामणकर नाक्यावरून ब्रॉयलर घेऊन आला. तांदळाच्या भाकऱ्या झाल्या, रस्सा उकळला, वासाने आळी घमघमली. प्रितेश बोटं चाटत म्हणाला, "आजोबा, रस्सा एक नंबर!"

महादूच्या ताटात वरण-भात होता आणि दुधीची भाजी. दुधी त्यानेच कापला होता.

"पूर्वी," तो तिच्या कानाशी लागला, "तो कोरियावाला परत गेला का गं जुन्या पक्षात?"

"गेला ना. साधारण वर्षभराने."

"वरीसभर!"

हवालदार उंबरा ओलांडून ऐटीत आत आला आणि महादूच्या ताटाबाहेर सांडलेली शितं टिपू लागला. महादूने हात उचलला, बुवांकडे पाहिलं आणि त्याच हाताने आणखी चार शितं त्याच्यापुढे टाकली.

राहीबाईने त्याला दुधीची भाजी वाढली. "खावा. माझं बी एक विधेयक बावीस वरसं पडून होतं," ती म्हणाली. "झालं एकदाचं मंजूर."