मोजूनमापून निवडलेला ट्रक

मोजमापात टेपभाऊंचा हात धरणारं कुणी नव्हतं, निदान टेपभाऊंच्या मते तरी. वायरिंगची कंत्राटं घेणाऱ्या या गृहस्थांच्या कमरेला मोजायची टेप कायम लटकलेली असे. लग्नाच्या फोटोतही ती दिसते.

धंद्यासाठी पहिला ट्रक घ्यायचं ठरलं आणि घरात दोन पक्ष पडले. भाऊंना हवा होता मोठा, बंद डब्याचा, वर शिडी ठेवायला कॅरियर असलेला. धंद्याची एस्टिमेटं करणाऱ्या बायकोचं म्हणणं, लहान आणि उघडा पुरे. शेवटी तह झाला. शोरूमवाल्यानं मोठा ट्रक एक दिवस चालवून बघायला दिला होता. पाचच्या आत तो ओरखडा न पडता परत गेला तर निवड भाऊंची, नाहीतर बायकोची.

"वीस वर्षं मोजतोय मी. माझी निवड चुकेल का?" भाऊ म्हणाले.

"मी कुठे काय म्हटलं?" बायको म्हणाली. हे वाक्य ती कधी म्हणते, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

सकाळी केबलचा जाडजूड ड्रम, पाइप आणि पेट्या ट्रकमध्ये चढल्या. काम होतं एका नव्या इमारतीच्या तळघरात, आणि आत उतरणाऱ्या उताराच्या तोंडाशी आडवी तुळई होती. भाऊंनी तुळई मोजली, ट्रक मोजला, पुन्हा दोन्ही मोजलं. बोटभर जागा उरत होती. ट्रक झोकात आत गेला. तिथंच काम करणारा प्लंबर बघत होता, म्हणून भाऊंनी टेप जरा जोरातच मिटवली.

दुपारपर्यंत सगळा माल उतरला. चार वाजता भाऊ ट्रक बाहेर काढायला निघाले आणि तुळईच्या अलीकडे त्यांनी सहज मान बाहेर काढली. कॅरियर तुळईपेक्षा दोन बोटं वर होता.

भाऊंच्या तोंडचं पाणी पळालं. "तुळई खाली आली," ते म्हणाले.

"तुळई कशाला येईल, भाऊ? ट्रक वर आलाय," प्लंबर म्हणाला. "वजन उतरलं, स्प्रिंगा उठल्या."

ड्रम परत चढवावा तर अर्धी केबल भिंतीतून गेलेली. चाकांची हवा काढावी तर परत भरायला पंप नाही. भाऊंनी मुकाट्यानं बायकोला फोन लावला.

ती दहा मिनिटांत स्कूटरवरून आली. हसली नाही, हे तिचे उपकारच. "माणसं बसवा," ती म्हणाली, आणि वही उघडून एकेकाचं वजन विचारू लागली. प्लंबर, त्याचे दोन गडी, तिघे रंगारी, फरशीवाला आणि वॉचमन. प्लंबरनं पासष्ट सांगितलं, तेव्हा त्याचं पोट त्याच्याआधी ट्रकमध्ये चढत होतं.

"पाचशे दहा किलो," बायकोनं बेरीज केली. "सहाशे तरी हवेत."

"म्हणजे संपलंच," भाऊ रडवेले झाले.

"कसलं संपतंय? विजेच्या मीटरच्या अर्जात लोक लोड कधी खरा सांगतात का? वजनाचंही तसंच. मी नेहमी पंचवीस टक्के वाढवून धरते. चला, काढा गाडी."

भाऊंनी श्वास रोखून ट्रक सोडला. आतले आठही जण आपणहून खाली दबून बसले. कॅरियर तुळईखालून असा गेला की मध्ये पोस्टकार्डच काय ते मावलं असतं. बाहेर उजेडात येताच डब्यातून टाळ्या ऐकू आल्या.

पाचला दहा मिनिटं कमी असताना ट्रक शोरूममध्ये उभा राहिला. ओरखडा नाही. बायकोनं पेन पुढे केलं.

"जिंकलात. करा सही," ती म्हणाली, आणि अगदी मनापासून म्हणाली. भाऊंना इतका आनंद वीस वर्षांत झाला नव्हता.

तेवढ्यात फोन वाजला. प्लंबर होता.

"भाऊ, उद्या ट्रकमध्ये किती वाजता बसायचं? सगळ्यांना मजा आली. रंगारी मेव्हण्यालाही आणतो म्हणतोय."

तळघराचं काम तीन महिने चालणार होतं. भाऊंनी घसा साफ केला आणि शोरूमवाल्याला म्हणाले, "ती लहान गाडी जरा दाखवता का?"

लहान गाडीच्या कागदांवर सही मात्र भाऊंनीच केली. जिंकलेल्या माणसाचा तेवढा मान असतोच.